तलंगीच्या पायातला टाय

मुलानं टायची पिशवी पहिल्यांदा घरी आणली तेव्हा मला वाटलं, नातीच्या शाळेचा टाय असेल. मुलगा नागापूरच्या एमआयडीसीत, एका वर्कशॉपात विजेच्या पॅनलचं वायरिंग करतो. पिशवीत निघाल्या वीतभर प्लॅस्टिकच्या दातेरी पट्ट्या. एका टोकाला चौकोनी डोकं, डोक्याला भोक. शेपूट भोकात घातलं की कर्र कर्र करत पुढं जातं, मागं काही येत नाही. मुलगा म्हणाला, हे मुळात विमानातल्या वायरींचे जुडगे बांधायला निघालं. म्हटलं, बरं झालं, विमानातून आमच्या गोठ्यापर्यंत आलं.

मग काय, हाताला चाळाच लागला. ठिबकची नळी, वाफ्यावरची हिरवी जाळी, बादलीची निसटलेली कडी, सगळ्याला टाय. पांढरे उन्हात कडाकडा मोडले, काळे टिकले. काळ्यात म्हणे ऊन सोसायचं काहीतरी घातलेलं असतं. पिशवी उघडी राहून वाळलेले टाय हरभऱ्यासारखे पाण्यात भिजत घातले तर पुन्हा लवचीक होतात. मला खरं वाटलं नव्हतं, पण करून पाहिलं, झाले.

आणि मग मी ते कोंबड्यांना बांधले. माझ्या आणि धाकट्या जावेच्या कोंबड्या एकाच उकिरड्यावर चरतात. ओळखीला आम्ही त्यांच्या पायात चिंध्या बांधायचो. चिंधी गळून पडली की आमची तोंडं सुरू.

“बाई, ती तांबडी माझी हाय.”

“तुझी हाय तर हाक मार की. येती का बघू.”

टाय गळणार नाही, म्हणून चार तलंगांच्या, म्हणजे वयात येणाऱ्या कोवळ्या कोंबड्यांच्या पायात घातले आणि ओढले करकचून. जन्मभर मी घासाचे भारे बांधले. भारा ढिला राहिला तर वाटेत सुटतो, म्हणून गुडघा रोवून आवळायचं, एवढंच या हातांना ठाऊक. पाय वाढेल तशी चिंधी सैल होते, टाय होत नाही, हे डोक्यातच आलं नाही.

महिन्याभरानं एक तलंग लंगडताना दिसली. जवळ गेले तर पाय सुजून वांग्यासारखा झालेला, टाय मांसात बुडालेला. धरायला वाकले तशी ती उडाली आणि उसात शिरली. बाकीच्या तिघींचे टाय तिथल्या तिथं तोडले. त्यांना नुसतेच वळ पडले होते. ही दिवेलागणीला खुराड्यात आली नाही. सकाळी उसाच्या सऱ्या तुडवल्या, विहिरीकडं जाऊन आले, परत उसात गेले. सूनबाई म्हणाली, “आत्या, दोन घास खाऊन घ्या आधी.” भाकरी मोडली आणि तशीच टाकून उठले. दुखणं मीच दिलं होतं, जनावर बोलत नाही, आणि प्रत्येक तासाला तो पाय वाळत चालला असणार.

दुपारी जावेनंच हाक मारली. तलंग तिच्याच तुरकाट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांच्या, ढिगाखाली बसली होती. ढिगाबाहेर काढली तर पाय गार लागला. जाऊ म्हणाली, “बाई, ह्यो पाय जातोय बगा.”

मी पकड शोधायला धावले. मग भीती वाटली, मुलाला फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला.

“आई, पकड अजिबात घालू नको. हाडच तोडशील.”

“मग काय करू? तिला नागापूरला आणू?”

“सुई घे. डोक्याच्या भोकात बारीक जीभ असती. ती उचलून धर आन पट्टी मागं सरकव.”

“मागं येत न्हाई म्हनला हुतास की.”

“जीभ उचलल्यावर येतो. सगळं सांगायला मला कुठं माहीत, तू कोंबड्यांना बांधनार हाईस.”

शेपूट मी बोटभर ठेवलं होतं. अगदी मुळाशी कापलं तर धार राहते आणि चामडीला लागते, म्हणून. तेच आता कामाला आलं. जावेनं तलंग मांडीवर उताणी धरली, तिच्या डोळ्यांवर पदर टाकला. माझी सुई दोनदा घसरली. “चष्मा पुसा आधी,” जाऊ म्हणाली. चष्मा पुसला. जीभ उचलली गेली, पट्टी एक दात मागं आली. परत उचलली, अजून एक. असं दाताला दात करत शेवटी टाय सुटला आणि खाली पांढरी खाच दिसली, अंगठीखाली बोटाला पडते तशी. हळद आणि खोबरेल लावलं, टोपलीखाली ठेवली.

तीन दिवस मला बसवेना. दळण निवडायला घेतलं की उठायचं, टोपली उचलायची, पायाला हात लावायचा. गार. परत दळण. कोमट वाटला तर म्हणायचं, माझ्याच हाताची ऊब असेल. जावेला हात लावून बघायला सांगायचं. ती वैतागली. “बाई, तुमी अशानं पाय झिजवून टाकाल तिचा.”

चौथ्या दिवशी टोपली काढली, तर पाय टेकवला तिनं. बोटं उघडली, मधलं एक तेवढं वाकडं राहिलं. तशीच उकिरड्यावर चढली, त्याच पायानं उकरायला गेली आणि कलंडली. उठली, परत उकरलं. जाऊ म्हणाली, “बसा की आता निवांत.” बसले नाही. ती जाईल तिकडं तिच्या मागं मागं फिरत राहिले.