करमणुकीची परेड

नोकरीतले किस्से जपून ठेवावे लागत नाहीत. ते बांधावरच्या तरोट्यासारखे असतात. कोणी पेरत नाही, कोणी राखत नाही, तरी दरवर्षी कमरेएवढे वाढतात. मी जन्मभर आवक-जावक केली. त्यातला एक कागद आज आठवत नाही. पण काम टाळून खिडकीतून जे पाहिलं, ते सगळं पाठ आहे. परवा मालेगावला बसची वाट पाहताना एक किस्सा सांगितला, त्याच्या मागून दुसरा आला, तिसरा आला, आणि तेवढ्यात बस निघून गेली. कोणाला वाईट वाटलं नाही. तीसुद्धा आमच्या बोलण्यापायी थांबलेली नव्हती.

गोष्टी आहेत एकोणीसशे पन्नासनंतरच्या. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोल्याखालचा तालुका होता. मालेगावच्या अलीकडे माळावर लष्कराची एक लहानशी छावणी होती. तंबू, ताडपत्र्या, दोरखंड असला माल तिथे ठेवत. आसपास शत्रू नव्हता, त्यामुळे शिस्त कडक होती. मी तिथे मुलकी कारकून, म्हणजे गणवेशाशिवाय बोलणी खाणारा माणूस. बायकामुलंवाल्या जवानांना ओढ्यापलीकडे क्वार्टर होते. लग्न न झालेले सगळे एका लांबलचक बराकीत राहत. तिला सारी छावणी ‘सड्यांची बराक’ म्हणायची.

एकदा वरून हुकूम आला, की अविवाहित जवानांच्या मोकळ्या वेळेची काळजी घ्यावी, त्यांची करमणूक करावी, त्यांना एकाकी वाटू देऊ नये. कॅप्टनसाहेब दक्षिणेकडचे, सज्जन, वाचणारे. त्यांना हुकूम फार आवडला. त्यांनी बराकीच्या टोकाची खोली रिकामी केली, रंग दिला, कॅरम आणला, रेडिओ आणला, बाहेर व्हॉलीबॉलची जाळी लावली, आणि सगळं हवालदार जाधवांच्या हाती दिलं.

जाधव साताऱ्याकडचे. त्यांची पलटण पहिल्या महायुद्धात पार मेसोपोटेमियात, म्हणजे इराकात, जाऊन लढली होती, आणि हे ते भेटेल त्याला सांगत. माणूस मनाने लोणी. पण बोलणं सगळं परेडच्या मैदानावरचं, आणि तेही फौजी हिंदीत. त्यांनी पहिल्याच दिवशी सड्यांना रांगेत उभं केलं.

“आज से शाम छह बजे करमणूक होगी! किसी जवान को अकेला लगता है, तो उसी टाइम रिपोर्ट करेगा!”

रांगेतून नाईक संपत राऊत एक पाऊल पुढे आला. “साब, मले दुपारपासूनच वाटून राह्यलं.”

जाधवांनी घड्याळ पाहिलं.

“छह बजे तक रोक के रखो!”

*

या संपतची ओळख इथेच करून देतो. आसेगावचा शेतकऱ्याचा पोरगा. उंच, काळा, हसरा. बराकीत वयाने सगळ्यांत मोठा, तिशीला टेकलेला. तीन ठिकाणी सोयरीक मोडली होती. तिन्ही ठिकाणी मुलीकडच्यांचं मागाहून कानावर आलेलं म्हणणं एकच: “फौजीले पोरगी द्याची? वावरात तो नाई, घरात तो नाई, मंग हाये कुठं?”

संपत हे स्वतःच नक्कल करून सांगायचा आणि सगळ्यांबरोबर हसायचा. पण संध्याकाळी ओढ्यापलीकडून क्वार्टरमधल्या बायका नवऱ्यांना जेवायला हाका मारू लागल्या, की तो उठायचा आणि व्हॉलीबॉलची जाळी ताणायला जायचा. आमच्या छावणीची जाळी कायम ताठ असे.

*

कॅरमसुद्धा हुकमावर चाले. खेळणारे चौघे सावधान, बघणारे विश्राम. “स्ट्रायकर उठाओ! निशाना ले! फायर!” सोंगटी गेली तर टाळी, तीसुद्धा एकदाच.

कॅप्टनसाहेब अधूनमधून स्वतः खेळायला बसत. त्यांचा नेम असा, की सोंगटी सोडून बाकी सगळं हलायचं. पण साहेबांना हरवणार कोण? ते चुकले की समोरचा चुकायचा, त्याच्यानंतरचाही चुकायचा. एका डावात पावडरचा डबा संपला, सोंगट्या होत्या तिथेच!

साहेब चिडले. “मुद्दाम चुकू नका. मी इथे अधिकारी नाही. मित्र समजा!”

संपतने लगेच एका फटक्यात राणी घेतली, तिच्यामागून एक पांढरी, मग उरलेल्या सगळ्या, आणि डाव संपवला.

साहेबांनी रिकाम्या पाटावरचा स्ट्रायकर उचलून डब्यात ठेवला. मग म्हणाले, “इतकी घट्ट मैत्री नको.”

*

मग वाचनालय. वाशीमच्या काही सुशिक्षित भगिनींनी जवानांसाठी घरोघर फिरून जुनी पुस्तकं जमवली आणि एक पेटारा भरून पाठवली. देणाऱ्यांनी काय दिलं असेल? जे घरात नको होतं ते! लोणची-मुरंबे, विणकाम, आणि एक जाडजूड बालसंगोपन. पेटारा सड्यांच्या बराकीत आला.

महिन्याभरात त्या बालसंगोपनाची पानं सुटी झाली. एक जण मोठ्याने वाचायचा, बाकीचे खाटांवर पडून ऐकायचे. मी विचारलं, “अरे, तुम्हाला याचा काय उपयोग?”

एक जण म्हणाला, “बाबूजी, बाकीच्या पुस्तकाईत पुढं काय होते ते समजते. याच्यात सालं कोनतं लेकरू कवा रडन, सांगता येत नाई!”

एके दिवशी फाटकापाशी भाजीवाली बाई आली. काखेतलं लेकरू रडून निळं पडलेलं. सडे धावले. एक म्हणाला, पोटात वारा धरला. दुसरा म्हणाला, पालथं घ्या, पाठ थोपटा. तिसऱ्याने ओव्याचं पाणी सुचवलं. चौथा म्हणाला, दूध पाजल्यावर खांद्यावर घेत जा. लेकरू थोपटल्यावर खरोखर ढेकर देऊन गप्प झालं.

बाईने त्या सगळ्यांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “कोनाले किती लेकरं हायेत तुमच्यात?”

“एकालेबी नाई, बाई. लग्नंच नाई झालेली.”

“मंग बरोबर,” ती टोपली उचलत म्हणाली, “म्हनूनच येवढं मालूम हाये!”

*

कार्यालयात लग्न झालेला मी एकटा. साहेबांनी एकदा मला बोलावलं. “या मुलांसमोर एक व्याख्यान द्या. विषय, सुखी संसार.”

मी म्हणालो, “साहेब, घरी विचारून सांगतो.”

साहेब खुर्चीतून उठले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. “वा! बस, एवढंच सांगा. बाकी काही नको.”

*

साहेबांची आणखी एक कल्पना होती. सणाच्या दिवशी सड्यांना घरचं जेवण मिळावं, म्हणून क्वार्टरमधल्या कुटुंबांनी त्यांना जेवायला बोलवायचं. पहिला सण आला पोळ्याचा. बोलावण्याचं काम लंगरात, म्हणजे छावणीच्या स्वयंपाकघरात, काम करणाऱ्या वानखडेंच्या बायकोने आपणहून घेतलं. ही कारंज्याकडची, शेतकऱ्याघरची.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ती डोक्यावर पदर घेऊन बराकीच्या दारात आली. तोंडात जे बसलेलं होतं तेच बाहेर पडलं. “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!”

आता आमच्या भागात हे वाक्य वर्षातून एकदाच म्हणतात, आणि तेही फक्त बैलांच्या कानात, पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांचे खांदे तूप-हळदीने मळताना. मग संपतने मान खाली घालून दोनदा डोलावली आणि नाकातून “हंऽऽ” केलं. लगेच सगळी बराक माना डोलवू लागली! वानखडेबाई पदरात तोंड लपवून पळाली.

हे सगळं पाहणाऱ्या साहेबांनी मला विचारलं, “काय झालं? त्या बाईंनी अपमान केला का?”

“नाही साहेब,” मी म्हणालो, “मान दिला. जरा मोठाच दिला.”

दुसऱ्या दिवशी सगळे पुरणपोळी रेटून जेवले. वानखडेबाईने आपली चूक अजून मनाला लावून घेतली होती. तिने सगळ्यांसमोर माफी मागितली. संपत म्हणाला, “आवतनाचं काई नाई, वैनी. पन काल खांदे कोनंच मळले नाई. वर्षभर बंदूक वाहून राह्यलो आमी!”

तेव्हापासून वानखडेबाईने त्याच्या लग्नाचं मनावर घेतलं.

*

स्थळ तिनेच काढलं. किन्हीराजाचे उकर्डाजी, बेताची शेती असलेला कुणबी माणूस. त्यांची मुलगी द्वारका. संपतने तिला मालेगावच्या बाजारात पाहिली होती, वांग्यांवरून भाजीवाल्याशी भांडताना. मला येऊन म्हणाला, “बाबूजी, ते मोर्चा सोडत नाई!” त्याला मुलीबद्दल इतकं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. घाई होती ती वेगळ्याच कारणाने. दिवाळीनंतर त्याची बदली उत्तरेला, बर्फात ठरली होती. “तिकडं गेल्यावर मले पाहाले कोन येते, बाबूजी? हे हुकलं की सरलं.” या वेळी तो हसला नाही.

आमच्याकडे मुलगी देण्याआधी मुलाचं घर पाहतात. कोठी पाहतात, गोठा पाहतात, पाण्याचा माठसुद्धा हलवून पाहतात. आणि पसंत नसेल तर पुढे ठेवलेला चहा पीत नाहीत. तो निवतो, पाहुणे उठतात, आणि कोणाला तोंडाने नाही म्हणावं लागत नाही. संपतच्या पुढे असे तीन चहा निवले होते, तिन्ही आसेगावला भावाच्या घरी. उकर्डाजींनी निरोप पाठवला, “भावाचं घर कायले पाहू? पोट्टा राह्यते ते दाखवा.”

साहेब म्हणाले, “येऊ द्या. सगळं फक्त नेहमीसारखं दिसू द्या.”

हवालदार जाधवांनी मग ‘नेहमीसारखं’ची तालीम घेतली. “तुम किताब पढेगा! तुम कॅरम खेलेगा! तुम खिडकी के पास खुश रहेगा!”

उकर्डाजी बैलांची दमणी जुंपून आले. बरोबर त्यांची थोरली बहीण सखूआत्या. तरुणपणीच विधवा झालेली, भावाचं सगळं घर ओढणारी, हातात काठी, आणि निर्णय तिचाच. संपतला बराकीत दाराशी पाटावर बसवलं. वानखडेबाईने जवळच्या ट्रंकेवर चहा आणून ठेवला. आत्याने त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बराकभर फिरू लागली. दोन्हीकडे खाटांची रांग, एकही सुरकुती नाही. खिडकीपाशी एक जवान हुकमाप्रमाणे खुश होता.

“हे अंथरून कोनं घातलं?”

“मीच, आत्या,” संपत म्हणाला.

“झाडते कोन?”

“आमीच. पाळी असते.”

“भांडे?”

“ज्याचं तो घासते.”

“धुनं?”

“ज्याचं तो.”

आत्याने त्याच्या सदऱ्याचं बटण चिमटीत धरून ओढून पाहिलं. “आन हे?”

“मीच लावलं.”

उकर्डाजींचा चेहरा उतरत चालला होता. ते बहिणीला बाजूला घेऊन म्हणाले, पण बराकीत ऐकू गेलं सगळ्यांना, “अक्का, समदं तर तो सोताच करते. मंग आपल्या पोरीले इथं काय काम? कायले नेऊन राह्यला तो तिले? चाल, निंघू.”

चहावर साय धरली होती. संपतने तिकडे पाहिलं, आणि मग दाराबाहेर, जाळीकडे. वानखडेबाई रडायच्या बेतात होती. जाधवांना कोणता हुकूम द्यावा ते सुचेना; माझ्या आठवणीत तसं एकदाच झालं.

सखूआत्या हलली नाही. “उकर्ड्या, तुया जल्मात तू पान्याचा गडवा तरी सोता भरून घेतला काय रे?”

उकर्डाजी उगाच पागोटं सारखं करू लागले.

आत्या संपतकडे वळली. “पोरगी भांडखोर हाये.”

“पाह्यली म्या. बाजारात.”

“तरी पाह्यजे?”

“तेच पाह्यजे.”

आत्या येऊन ट्रंकेच्या कडेवर टेकली. कप उचलला, बोटाने साय बाजूला केली, आणि थंडगार चहा एका घोटात संपवला. वानखडेबाईने पळत जाऊन साखर आणली. बराकीत जो आरडाओरडा झाला तो तालमीत बसवलेला नव्हता. पोरांनी संपतला उचललं. साहेबांनी उकर्डाजींचा हात इतका हलवला, की त्यांचं पागोटं सुटलं.

निघताना आत्या दारात थांबली. तिने पुन्हा एकदा मागे वळून ती घातलेली अंथरुणं पाहिली, रांगेत उपडी घातलेली घासलेली ताटं पाहिली, आणि ते दांडगे, बिनलग्नाचे पोट्टे पाहिले. काठीवर दोन्ही हात ठेवून ती हळूच म्हणाली, “माया वक्ताले कुठं होती रे बाप्पा, हे पलटन?”

मग हवालदार जाधव एक पाऊल पुढे आले, टाचा जुळवल्या, आणि छाती काढून कडक सलाम ठोकला.

“मेसोपोटेमिया में थी, माताजी!”