बंद केलेली गोळी

"शुगर अडतीस!" सिस्टरनं कॅज्युअल्टीतून हाक दिली. बेडवर भीमराव काका घामानं ओलेचिंब होते, विचारलं तर भलतंच बरळत होते. शेजाऱ्यानं त्यांना बिडकीनहून रिक्षात घालून आणलं होतं. शिरेतून ग्लुकोज गेल्यावर त्यांनी डोळे उघडले.

मी संभाजीनगरच्या त्या हॉस्पिटलात क्लिनिकल फार्मासिस्ट होते. डॉक्टरांच्या कागदावर कोणत्या गोळ्या आहेत आणि पेशंट खरोखर कोणत्या खातो, हे जुळवणं माझं काम.

चार महिन्यांपूर्वी काकांची अँजिओप्लास्टी झाली होती. तेव्हा शुगरची जुनी गोळी बंद करून डॉक्टरांनी हृदयालाही फायद्याची अशी नवी दिली होती. नुसत्या नव्या गोळीनं शुगर सहसा इतकी उतरत नाही, म्हणून जुनी अजून चालू आहे का, असं मी डॉक्टरांना विचारलं.

"जुनी मीच बंद केलीय. डिस्चार्ज पेपर वाचा," डॉक्टर वैतागले.

"वाचला, सर. आता पिशवी बघते."

शेजाऱ्यानं औषधांची पिशवी सोबत आणली होती. तिच्यात नव्या गोळ्या होत्याच, पण जुन्या गोळीच्याही पट्ट्या निघाल्या. प्रत्येक पट्टीवर स्केचपेननं लिहिलेलं: 'सकाळी एक. खाल्ल्याशिवाय घ्यायची नाही, पप्पा.'

शुगर उतरली की छातीत धडधडतं, हात थरथरतात. काकांच्या हृदयाच्या एका गोळीनं नेमकी हीच लक्षणं झाकली जातात. त्यामुळे त्यांना आधी काही कळलंच नाही. जुन्या गोळीचा असर बराच वेळ राहतो, म्हणून त्यांना वॉर्डात ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी पट्टी त्यांच्यापुढं धरली. "काका, ही बंद झाली होती. कुणी सांगितलं नाही का?"

"सांगितलं व्हतं की."

"मग?"

काकांनी पट्टीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "सुजाता पाठवती. बंगळुरूला असती पोरगी. तिची आई गेल्यापासून दर महिन्याला पार्सल येतं. आलं की त्या दिवशी फोन करती, एकेक गोळी वाचून घेती माझ्याकडून. बाकी दिवस माझ्या मेसेजला मोबाइलवर नुसता अंगठा येतो. गोळी बंद झाली म्हणलं, तर पार्सल बी बंद व्हईल."

"पण घेतली कशाला? ठेवून द्यायची."

"तिनं इचारलं, घेतली का, तर खोटं बोलू व्हय?"

 त्यांच्या परवानगीनं मी सुजाताला फोन लावला. तिच्याकडं जुन्याच प्रिस्क्रिप्शनचा फोटो होता; नवं काकांनी तिला पाठवलंच नव्हतं. ऐकून ती रडायलाच लागली.

"मॅडम, इतक्या लांबून मी त्यांच्यासाठी एवढंच करते. आता काय पाठवू?"

"शुगर तपासायचं मशीन पाठवा. आणि आकडा रोज सकाळी तुम्हीच विचारा."

जुन्या पट्ट्या मी काढून घेतल्या. काकांनी एक हातात धरून ठेवली होती. तिच्यातल्या गोळ्या मी काढल्या आणि रिकामी पट्टी त्यांना परत दिली.

महिन्यानं ते फॉलोअपला आले. शुगर बरी होती.

"सुजाता फोन करते का?"

"रोज करती. शुगरचंच बोलती, दोन मिनिटं." त्यांनी आवाज खाली आणला. "म्या मशीनला टायम लागतोय म्हणून सांगतो. तेवढंच आणखी बोलणं व्हतं."

तेव्हापासून मी पेशंटला कोणत्या गोळ्या घेता एवढंच विचारत नाही. त्या कोण आणून देतं, हेही विचारते. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही. मी समासात लिहिते.