सरकत्या करवतीचा दसरा

अंधेरीच्या एका औद्योगिक वसाहतीत, तळमजल्याच्या गाळ्यात मी फोटोफ्रेमच्या पट्ट्या कापायचो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. हातकरवत, कोन धरायचा लाकडी साचा आणि मी, असा अकरा वर्षांचा संसार. माझ्या फ्रेमच्या कोपऱ्यात नख शिरत नसे आणि माझी दहाच्या दहा बोटं शाबूत होती. या दोन्ही गोष्टींचा मला माज होता आणि तो मी लपवत नसे.

मग शेठचा मेहुणा दुबईहून आला. येताना त्याने टेपरेकॉर्डर, सेंटच्या बाटल्या आणि विजेवरची सरकती करवत आणली. तिचं गोल पातं दोन दांड्यांवरून पुढेमागे सरकायचं आणि खालची तबकडी फिरवून हवा तो कोन लावता यायचा. हा गृहस्थ तिथे नेमकं काय करायचा ते कोणालाच धड ठाऊक नव्हतं. बोलायचा मात्र असा, की शेखांच्या महालांची दारं-खिडक्या यानेच कापून दिल्या.

"नीट बघ हां," तो मला म्हणाला. "पट्टी मशीनच्या या मागच्या भिंतीला टेकवायची, क्लॅम्पमध्ये आवळायची. हात पात्यापासून वीतभर लांब. पातं आधी पुढे ओढायचं, मग खाली दाबायचं, मग मागे ढकलायचं. थांबेपर्यंत वर उचलायचं नाही. समजलं ना?"

सगळं बरोबर होतं, म्हणूनच जास्त चीड आली.

शेठने लगेच फर्मान काढलं. "शाळेच्या हॉलच्या चाळीस फ्रेम आहेत. मशीनवर झकास निघाल्या तर कटिंग हाच बघेल. तू पॉलिशला बस."

अकरा वर्षं कोपरे जुळवून आता चिंधी घेऊन लाकूड पुसायचं. त्या क्षणापासून मी त्या मशीनच्या वाईटावर टपलो.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. गाळ्यातली हत्यारांची पूजा दरवर्षी मीच करायचो. मी कोकणातला, म्हणजे मला मंत्र येणारच, अशी शेठची समजूत. मला दीड मंत्र येत होता. नव्या मशीनला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं, ओल्या कुंकवात कालवलेल्या अक्षता मूठभर वाहिल्या. मेहुणा डोक्यावर गॉगल चढवून भक्तिभावाने उभा होता.

सुट्टीनंतर त्याने हार उतरवला आणि पहिली फ्रेम कापली. कोपरा जुळवला तर फटीतून पलीकडचं दिसत होतं.

"काट्यावर पंचेचाळीसच आहे," तो म्हणाला. "लाकूड वाकडं असणार."

"याच लाकडाच्या पट्ट्या मी रोज कापतो," मी म्हणालो.

त्याने काटा थोडा इकडे केला, थोडा तिकडे केला. एक कोपरा मिटला की दुसरा उघडायचा.

माझा एक नियम होता. पट्टी साच्यात ठेवण्याआधी मागच्या कडेवरून बोट फिरवायचं. भुशाचा कण जरी मागे राहिला, तरी पट्टी तिरपी बसते आणि कोन बिघडतो. गाळ्यात आलेल्या प्रत्येक माणसाला मी हे दम देऊन शिकवलं होतं. याला शिकवलं नाही. म्हटलं, दुबईला शिकून आलाय ना, मग बघ की स्वतः.

वर शेठला ऐकू जाईल असं मी बोललो, "मशीनच खराब आहे. दुकानदाराने तुम्हाला फसवलंय."

ते मेहुण्याला फार झोंबलं. पट्ट्या वाया जाऊ नयेत म्हणून त्याने छोटे तुकडे घेतले आणि त्यांच्या टोकाचा कागदाएवढा पातळ पापुद्रा काढत बसला. तुकडे क्लॅम्पमध्ये बसेनात, तर हाताने धरले. पात्याच्या झाकणाआड रेघ दिसेना, तर हाराच्या दोऱ्यानेच झाकण वर बांधून टाकलं. आपणच शिकवलेलं सगळं तो एकेक करून मोडत होता आणि मी हाताची घडी घालून बघत होतो. मला मजा वाटत होती, हे कबूल केलं पाहिजे.

तर्जनीचं टोक गेलं, नखाच्या मुळापासून.

शेठ त्याला रिक्षात घालून हॉस्पिटलात घेऊन गेला. रक्त पुसायला मी मागे राहिलो. मशीनची तार काढली आणि फडकं फिरवता फिरवता सवयीने मागच्या भिंतीवरून बोट फिरवलं. डावीकडे काहीतरी टोचलं. तांदळाचा एक दाणा होता, कुंकवात लाल झालेला, वाळून घट्ट चिकटलेला. मी वाहिलेल्या अक्षतांतला.

तो नखाने खरवडून काढला. झाकण सोडून खाली घेतलं, तार जोडली, पट्टी क्लॅम्पमध्ये आवळली आणि त्याने सांगितलं होतं तसंच, हात वीतभर लांब ठेवून, चार तुकडे कापले. चारही कोपरे मिटले. नख शिरत नव्हतं.

ते तुकडे मी भुशाच्या पोत्यात तळाशी खुपसले. आठवड्याभरात शेठने मशीन पडत्या भावात विकलं. कटिंगवर मीच राहिलो.

शेठ आजही घरच्या कार्याला मला आठवणीने बोलावतो. मागच्या वर्षी मुलुंडला लग्न होतं. पंगतीत मेहुणा माझ्या शेजारी बसला आणि नव्या व्याह्यांना ते आखूड बोट माझ्याकडे करून म्हणाला, "हा माणूस तेव्हाच म्हणाला होता, मशीन खराब आहे. मीच ऐकलं नाही."

मी खाली बघून वरणभात कालवत राहिलो. व्याही म्हणाले, किती साधा माणूस आहे.