नारकंड्याच्या उतारावरचा माणूस

लेक चौथीत होती तेव्हा मी, बायको आणि ती असे तिघं शहापूरहून हिमाचलातल्या नारकंड्याला बर्फावर स्कीइंग शिकायला गेलो होतो. मफलरने तोंड गुंडाळलेला एक माणूस दोन दिवस आमच्या मागंमागं होता. लेक घसरून पडली की तो थबकून बघायचा. मला त्याची नियत बरी वाटेना. शेवटी मी दरडावलं, "क्या चाहिए?"

"काय नाय," तो मराठीत म्हणाला. "वयनी पोरीला 'पडशील गो' म्हनतात, तेच ऐकत होतो. मी म्हशाचा."

म्हसा म्हणजे आमच्या शहापूरकडचंच गाव. मी नाव विचारलं, तसा तो मागं सरला. "मी दिसलो म्हनून गावात सांगू नका तुमी."

आणि भराभर उतरून गेला.

म्हशाच्या जत्रेत एकटी बाई दिसली, की अजून वाटतं, हिचाच नवरा तर नसेल तो?