कानाचं मशीन आणि तेराचा पाढा

या सदरात छापून येणारे अनुभव मी नेमाने वाचतो आणि नेमाने चिडतो. पांढरं पातळ, उलटी पावलं, वडाखालून आलेली हाक... असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मी नंदुरबारला इंग्रजी शाळेत विज्ञान शिकवतो. ध्वनीचा धडा दरवर्षी शिकवतो आणि दरवर्षी तो शिकवताना एका ठिकाणी अडखळतो. का, ते आज लिहून टाकतो. यात भूत नाही. असतं तर त्याच्या माथी खापर फोडून मोकळा झालो असतो. यात आहेत ती सगळी जिवंत, प्रतिष्ठित माणसं — आणि त्यांच्या पंगतीला बसलेला मी.

गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या हिवाळ्यातली. पौष महिना, भर दुपार, लख्ख ऊन. गाव कळसाडी, तालुका शहादे. माझ्या थोरल्या बहिणीचं सासर. तिला मी जिजी म्हणतो. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. वडील खेडोपाडी बदलीवर फिरणारे शाळामास्तर. जिजीनं मला आपल्या सासरी नेलं आणि वाढवलं. ती जात्यावर बसायची आणि मी समोर बसून पाढे म्हणायचो. चुकलो की जातं थांबायचं. तेवढीच शिक्षा.

मी बारा वर्षांचा असताना तिला विषमज्वर झाला. जीव वाचला, कान गेले. पुढे मी शिकायला धुळ्याला गेलो, नोकरीला नंदुरबारला आलो. जिजी चौदा वर्षं त्या घरात बिनआवाजाची राहिली. एक मुलगी, तिचंही लग्न आदल्या वर्षी करून दिलं.

तिचे यजमान — आमचे दाजी — त्याच साली लोकल बोर्डावर निवडून आले होते. तेव्हापासून त्यांच्या अंगात कोट आला आणि जिभेवर सभेची मराठी. ओसरीवर खुर्च्या आल्या, घड्याळ आलं, आणि साहेबलोक आले की चहाचे कप. मग त्यांच्या ध्यानात आलं की घरात एक बहिरी बायकोही आहे आणि ती कपांच्या शेजारी शोभत नाही. मी वर्तमानपत्रात कानाच्या यंत्रांची जाहिरात वाचली, सुरतेच्या एजंटला पत्र घातलं आणि दाजींना विचारलं. ते लगेच हो म्हणाले. एवढ्या चटकन का, असा प्रश्न मला पडायला हवा होता. शिकलेल्या माणसाला असे प्रश्न उशिरा पडतात.

एजंटला मी नंदुरबार स्टेशनवर उतरवून घेतलं. रात्री तो धर्मशाळेत राहिला, पहाटे आम्ही बैलांच्या दमणीतून निघालो. प्रकाश्याला तापी ओलांडून, शहाद्यावरून कळसाडी. ओसरीवर एका बाजूला कापसाचा ढीग होता. दुसऱ्या बाजूला सतरंजीवर त्यानं तीन यंत्रं मांडली. पितळेचा एक कर्णा, हातभर लांब. दुसरी रबरी नळी, एका टोकाला कानात घालायची बोंडी, दुसऱ्या टोकाला बोलायचं नरसाळ्यासारखं चाडं. आणि तिसरं विजेचं — काळी पेटी, तिला जोडलेली कुंकवाच्या करंड्याच्या झाकणाएवढी चपटी डबी, आणि डोक्यावरून घ्यायच्या स्टीलच्या पट्टीला कानाचं बटण. डबीत बोलायचं, बटणातून ऐकायचं.

"बाई कुठे छे?" एजंटनं विचारलं. "कान जोयेला पाहिजे."

"तिला कशाला?" दाजी म्हणाले. "आम्ही पाहतो ना."

त्यानं तीनदा विचारलं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. तीनदा हेच उत्तर. घरची सून परक्या पुरुषासमोर ओसरीवर येत नाही आणि परका पुरुष तिच्या कानाला हात लावत नाही. तेव्हा बहिऱ्या बाईचं यंत्र निवडायला ऐकू येणारे नऊ पुरुष बसले. एकेकानं कानाला लावून पाहिलं. मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

दाजींचे काका — आबा — त्या घरातले वडीलधारे. त्यांनी कर्णा उलटासुलटा केला. "हाई काय, बारातमा वाजाडानं शे का?"

नळी पाहून म्हणाले, "हाऊ तं हुक्का शे, हुक्का! चिलीम कोठे शे?"

हशा झाला. दोन्ही यंत्रं बाद. मग विजेचं आबांच्या डोक्यावर चढलं.

"आरे व्वा!" आबा म्हणाले. "काय आवाज शे!"

मग कुणालाच मागे राहायचं नव्हतं. एकाला शेजारच्या गल्लीतली भांडी ऐकू आली. एकाला शेतातला मोटेची कुरकुर. दाजी म्हणाले, "विलायती ते विलायती." माझी पाळी आली. मला तसूभरही फरक जाणवला नाही. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, मी विज्ञानाचा मास्तर... मी म्हणालो, "हो, आवाज मोठा येतोय."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते विसरता आलेलं नाही.

एजंट म्हणाला, आता लांबची परीक्षा. कुणीतरी समोरच्या निंबाखाली जाऊन काहीतरी बोलत राहावं. मी उठलो. ओसरीपासून निंब पन्नासेक पावलं. आबांच्या डोक्यावर पट्टी, दाजींच्या हातात डबी. मला काय बोलावं सुचेना, म्हणून तेराचा पाढा सुरू केला — मोठ्यानं नाही, आपलं नेहमीच्या आवाजात. तेरा सत्तेला मी ब्याण्णव म्हणालो. लहानपणापासून तिथंच घसरतो. ओसरीवर कुणाचं लक्षच नव्हतं. दाजी डबी तोंडाशी धरून आबांना हळू आवाजात काहीतरी सांगत होते. मला वाटलं, परीक्षा चालली आहे.

आता घराची रचना सांगतो, कारण सगळं तिथंच अडतं. ओसरीमागे बैठकीची खोली, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मग मागचं अंगण. मधे चार दारं. मागच्या अंगणात जिजी जात्यावर तूर भरडत होती. समोर तिची सासू सुपानं डाळ पाखडत होती. धड कान असलेल्यालाही त्या घरघरीत ओसरीवरचं अक्षर ऐकू आलं नसतं.

सासूनं नंतर सांगितलं ते तिच्याच शब्दांत देतो. तिचं आणि जिजीचं कधी पटलं नाही, म्हणून मी ही साक्ष मानतो. "जातं मधमाच थांबी गयं. माले वाटनं, हिले चक्कर ऊनी. ती भिंतकडे पाहे आनि ओठ हालाडे. मंग उठनी नि भायेर चालनी गयी."

मी निंबाखालून परत येऊन पायरी चढत होतो तेव्हा जिजी दारात उभी होती. डोक्यावर पदर होता, पण चेहरा उघडा. हाताला तुरीचा भुगा. नऊ पुरुष आणि एक परका, सगळ्यांसमोर. दाजी अर्धवट उठले आणि हातानं आत जायची खूण करू लागले.

ती आली, वाकली आणि सतरंजीवरचा पितळी कर्णा उचलला. कुणी तिला दाखवलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. बारीक टोक तिनं कानाला लावलं आणि रुंद तोंड दाजींच्या तोंडासमोर धरलं. बहिऱ्या माणसाचा आवाज कसा असतो तुम्हाला माहीत असेल, चढ-उतार नसलेला, गरजेपेक्षा मोठा.

"आते बोला," ती म्हणाली. "त्या डबीमा जे बोलनात, ते आठे बोला. म्हसावदनी पोर पक्की करी टाकी. माघमा लगीन. हिले हाई डबं लई देवूत, म्हंजे हिना भाऊ बी गप ऱ्हाई. बोला ना. मन्हा कानमा बोला."

आबांच्या डोक्यावर अजून ती पट्टी होती. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आरे, हिले कोनी सांगं?"

म्हणजे खरं होतं. शब्दाला शब्द खरं होतं. पुढे परतीच्या वाटेवर एजंटनंही तेच सांगितलं. तो दाजींच्या शेजारीच बसला होता.

दाजींनी खूण करणारा हात खाली घेतला. बोर्डात तास तास बोलणारा हा माणूस पितळेच्या एका तोंडासमोर गप्प उभा राहिला. जिजीनं कर्णा खाली घेतला नाही. वरच्या घड्याळाची टिकटिक आम्हा सगळ्यांना ऐकू येत होती, तिला सोडून.

आणि मी काय केलं? बहिणीच्या शेजारी जाऊन उभा राहिलो? नाही. मी यंत्र तपासायला बसलो. मला वाटलं, यात काहीतरी लबाडी आहे, आतल्या घरात तार नेली असेल. मी सतरंजी उचलून पाहिली, तार कुठेच नव्हती. एजंटला म्हटलं, पेटी उघड. त्यानं मागचं झाकण सरकवलं. बॅटरीच्या खणात दोन मोकळे चिमटे लोंबत होते, आणि बॅटरीच्या जागी त्याची पानाची पुरचुंडी.

तो पांढराफटक पडला. "बॅटरी तो... नंदुरबारला धर्मशाळेत राहून गेली, मास्तर."

विलायती आवाज नऊ प्रतिष्ठितांनी ऐकला होता, त्या पानांतून. आणि विज्ञानाच्या मास्तरांनीही.

जिजीनं अखेर कर्णा खाली घेतला आणि माझ्या दंडाला धरून एवढंच म्हणाली, "चाल." ती आत कपडे घ्यायलाही गेली नाही. कर्णा तिनं कुणाला विचारून घेतला नाही, एजंटनंही मागितला नाही.

दाजींचं दुसरं लग्न माघातच झालं, बँड लावून. दोन अंमलदार आले होते म्हणे. ते विजेचं यंत्र दाजींनी नंतर मागवून घेतलं. नव्या बाईला व्यवस्थित ऐकू येतं, तेव्हा त्याचा उपयोग कुणालाच नाही. पण घड्याळाशेजारी ते विणलेल्या रुमालावर ठेवलेलं असतं आणि पाहुण्यांना दाखवलं जातं. पाहुणे कानाला लावतात आणि वा म्हणतात. बॅटरी अजून कुणी आणलेली नाही.

जिजी तेव्हापासून माझ्याकडे आहे. कर्ण्यातून तिला मोठ्यानं बोललेलं थोडंफार कळतं. विहिरीच्या तळातून आल्यासारखं, ती म्हणते.

मी सगळे खुलासे तपासले. म्हसावदच्या मुलीची कुणकुण बायकांकडून आली असेल? असेल. पण तेच शब्द, त्याच क्रमानं? ओठ वाचले? चार दारांतून? बोलायची ती कार्बनची डबी बॅटरीवाचून म्हणजे नुसतं झाकण, हे मी मुलांना फळ्यावर काढून दाखवतो. ज्या कुणाला अंगारे-धुपारे सोडून दुसरं काही सुचत असेल, त्यानं लिहावं, मी वाचीन.

एक गोष्ट अजून राहिली. त्या संध्याकाळी आम्ही प्रकाश्याला नदीच्या उतारावर थांबलो होतो. बैल पाणी पीत होते. मी कर्ण्यात तोंड घालून विचारलं, "जिजी, काय ऐकलंस?"

मी बारा वर्षांचा असताना तिचे कान गेले, हे वर सांगितलंच आहे. तोवर माझा आवाज फुटला नव्हता. मोठेपणीचा माझा आवाज तिनं कधी ऐकलेला नव्हता.

तिनं कर्णा कानावरून काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "पहिले तं माले समजनंच नई, कोना आवाज शे. कोनी मोठा मानूस पाढा म्हनी ऱ्हायना, आसं वाटनं. मंग तेरा सत्ते ऊनं... ब्याण्णव." तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तवय मन्हा हात जातावर थांबना. म्हटलं, हाऊ तं मन्हा भाऊ."