गळ्यावर ठेवलेला हात

बाबांकडे इंग्रजी शिकलेले बरेच जण या ग्रुपवर आहात, म्हणून इथेच लिहितेय.

आज सकाळी बाबांना स्पीच थेरपीला नेलं होतं. पॅरालिसिसच्या अटॅकनंतर त्यांना समजतं सगळं, पण आवाज फुटत नाही. थेरपिस्ट मुलगी चांगली आहे. तिने बाबांचा हात उचलून त्यांच्याच गळ्यावर ठेवला आणि म्हणाली, "अंकल, 'झऽऽ' बोलिए. यहाँ थरथराहट होगी."

मी आईकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघायला लागली.

बिट्टन मार्केटजवळच्या आमच्या हॉलमध्ये पहिल्याच दिवशी बाबा तुमच्याकडून हेच करून घ्यायचे ना? "नाउन-व्हर्ब नंतर, आधी गळा. 'सिप'चा स म्हणा, गळा गप्प. 'झिप'चा झ म्हणा, गळा गुणगुणतो." आणि तुम्ही सगळे हसत आपापले गळे धरून बसायचात.

बाबांनी आज खूप प्रयत्न केला. नुसती हवा आली. मग त्यांनी तो हात काढला आणि आईच्या गळ्यावर ठेवला. आईला कळलं. ती हळूच म्हणाली, "झिप." बाबांनी मान डोलावली, तुमचं उत्तर बरोबर आलं की डोलवायचे तशीच.

घरी येऊन मी अख्खा फोन धुंडाळला. त्यांचे फोटो ढीगभर आहेत, आवाज कुठेच नाही. दिवसभर बोलणाऱ्या माणसाचा आवाज जपून ठेवायचं सुचतच नाही हो.

तुमच्यापैकी कुणी कधी त्यांचा क्लास रेकॉर्ड केला होता का?