टाकीतला एक तास

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी शरयू वडके हे नाव आईवडिलांच्याही आधी घेतो, आणि त्यात आईवडिलांना काही वावगं वाटत नाही. सैनिकांसाठी वायरलेस संच बनवणाऱ्या आमच्या कंपनीच्या त्या प्रमुख. आम्हा सगळ्यांच्या मॅडम. महिन्यापूर्वी त्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी धायरीच्या कारखान्यात, चाचणीच्या खोलीत होतो. समोरच्या टाकीत संच बुडवलेले होते. तासभर पाण्याखाली राहून आत थेंबही शिरला नाही, तरच आमचा संच बाहेर जातो. अजून पंचवीस मिनिटं बाकी होती. ती मी तिथेच उभा राहिलो, संच उघडून पाहिले, सही केली आणि मग निघालो... मधेच उठून गेलेलं त्यांना आवडलं नसतं.

मॅडम कसबा पेठेतल्या. वडील तांब्याची भांडी घडवायचे. तयार झालेला हंडा पाण्यानं भरून ओट्यावर ठेवायचे आणि खालची फरशी कोरडी राहिली तरच गिऱ्हाइकाला द्यायचे. "माझं निम्मं इंजिनिअरिंग त्या ओट्यावरच झालं," असं त्या म्हणत. शिकल्या, नोकरी केली, मग ती सोडून धायरीत एका पत्र्याच्या शेडमध्ये संचांसाठी पाणी न शिरणाऱ्या नुसत्या पेट्या बनवू लागल्या. पेटीपासून पूर्ण संचापर्यंत यायला बरीच वर्षं गेली. पहिल्या मोठ्या कामाच्या वेळी पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यानं त्यांनाच विचारलं, "साहेब कुठे आहेत?" मॅडम म्हणाल्या, "बसा ना. आपल्यासाठी खुर्ची पुसली ती साहेबांनीच." हा किस्सा मला स्टोअरच्या जोशीकाकांनी सांगितला, मॅडम स्वतः असलं काही सांगत नसत. काम मात्र मिळालं.

मी मेहकरचा, मराठी शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. मुलाखतीत इंग्रजीत अडखळलो तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, बिघडलेला संच काही इंग्रजीत तक्रार करत नाही. बोल तू मराठीत." वर्षभरात त्यांनी मला चाचणीच्या खोलीत नेमलं. बाबा गावभर सांगत सुटले, "आमच्या गजाननच्या सहीबिगर फौजेचा रेडिओ हालत नाई!"

आणि तीच सही मी खोटी केली. बहिणीच्या लग्नाला जायचं होतं, बसची वेळ झालेली, संच न्यायला आलेली गाडी फाटकाशी उभी. त्या खेपेतले आधीचे सगळे संच चांगले निघाले होते, म्हणून शेवटचे आठ पाण्यात न घालताच मी 'ठीक' लिहिलं. लग्नात बाबा पाहुण्यांना माझ्या सहीचं कौतुक ऐकवत होते, म्हणून मी ताट सोडून पंगतीत वाढायला लागलो. गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं. सांगितलं तर नोकरी जाणार, हे मी धरूनच चाललो होतो. तोंडानं सांगायचं धैर्य नव्हतं. पुण्याला परतल्यावर पत्र लिहिलं आणि शिपायाच्या हाती मॅडमकडे पाठवलं.

दुपारी बोलावणं आलं. पत्र त्यांच्या हातातच होतं.

"जेवलास?"

"नाही, मॅडम."

"मग आधी जेव. नंतर गाडी काढू. संच परत आणायचेत."

संच अजून लष्कराच्या गोदामातच होते. आठही परत आणून टाकीत घातले. एकात पाणी शिरलं. त्यांनी तो पुसून माझ्यासमोर ठेवला. "हा ज्याच्या पाठीवर गेला असता, त्याचं नाव आपल्याला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "त्यानं हाका मारल्या असत्या गजानन, आणि कुणालाही ऐकू गेल्या नसत्या..."

सही कुणाची, असं अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "कंपनीची. आणि कंपनी मी चालवते." पुढचं काम हातचं गेलं. मला मात्र त्यांनी त्याच खोलीत परत पाठवलं. "तुझी ही चूक करून झाली आहे. नवा माणूस बसवला तर त्याची अजून व्हायची असेल."

माझं पत्र त्यांनी फ्रेम करून टाकीच्या वर लावलं, खालचं नाव मागे दुमडून. नव्या माणसाला कामाला लावण्याआधी ते वाचायला लावत. "कुणाचं हो हे?" असं कुणी विचारलं तर म्हणत, "आपल्याकडच्या सर्वांत भरवशाच्या माणसाचं." मी शेजारीच उभा असायचो, कान तापायचे. कंपनी वाढली, शेडच्या जागी इमारत आली, मॅडमचे फोटो छापून येऊ लागले. बर्फातल्या चौक्यांवर आमचे संच बोलू लागले. पत्र जागचं हललं नाही.

गेल्या आठवड्यात कँटीनमध्ये शोकसभा झाली. मोठमोठी माणसं बोलली. मला उठवेना. सभा संपल्यावर मी चाचणीच्या खोलीत गेलो, फ्रेम उतरवली, दुमडलेला कागद सरळ केला आणि ती पुन्हा टाकीच्या वर लावली. आता पत्र शेवटपर्यंत वाचता येतं.

"आदरणीय मॅडम,

शनिवारी शेवटचे आठ संच मी पाण्यात घातले नाहीत. बसची घाई होती. कागदावर 'ठीक' लिहिलं आहे, ते खोटं आहे. त्यांत पाणी शिरेल की नाही हे मला माहीत नाही, आणि माहीत नसताना सही केली, हीच माझी चूक आहे. कृपया संच परत मागवावेत. मला कामावरून काढलं तरी चालेल, पण संच उघडताना तिथे उभं राहू द्यावं, ही विनंती.

आपला,
गजानन खरात
चाचणी विभाग"